स्कोप झिरो करताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

रायफलीवर स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवून तो झिरो करण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरं देत आहोत. झिरो करणं म्हणजे ठरावीक अंतरावर स्कोपचा काटा (आत दिसणारी आडव्या-उभ्या रेघांची फुली) जिथे टेकतो, नेमकी तिथेच गोळी लागेल असं जुळवून घेणं. बहुतेक पत्रांतली तक्रार एकच आहे: काटा सरकवणारे नॉब फिरवूनही नेम बसत नाही. तेव्हा सुरुवात त्याच पत्राने.

प्रश्न : क्लबच्या ५० मीटर रेंजवर .२२ बोल्ट ॲक्शन रायफलीवर नवा ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं) लावला आहे. गोळी चुकली की त्या मापाने नॉब फिरवतो, पुढची दुसरीकडेच जाते. तीस गोळ्या संपल्या तरी झिरो झालं नाही. स्कोप सदोष आहे का?
(एक वाचक, सांगली)

स्कोपवर एवढ्यात संशय घेऊ नका. तुम्ही प्रत्येक गोळीच्या मागे धावता आहात, घोळ तिथे आहे. कोणतीही रायफल एकाच भोकात सगळ्या गोळ्या घालत नाही. समजा, तुमच्या रायफलीचा ५० मीटरवरचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, २५ मिलिमीटरचा आहे. म्हणजे काहीही न बदलता एखादी गोळी मध्यापासून १२ मिलिमीटर उजवीकडे जाईल, पुढची तितकीच डावीकडे. पहिली पाहून तुम्ही काटा सरकवला, तर दुसरी गोळी तिच्या स्वभावाप्रमाणे डावीकडे जाणारच होती, त्यात तुमची दुरुस्ती मिसळली. असं तीस वेळा केलं की रायफल चांगली असूनही कागद चाळणीसारखा दिसतो. दुरुस्ती एका गोळीवर कधी करू नये, ग्रुपच्या मध्यावर करावी.

आता पहिल्यापासून घ्या. रायफल रिकामी आहे याची खात्री करून माउंट, म्हणजे स्कोपला रिंगांमध्ये धरून रायफलीवरच्या रेलला बसणारी पकड, तपासा. रेलवरचं तेल स्पिरिटने पुसा, मग माउंट बसवा. रिंगांचे स्क्रू एकदम न आवळता तिरपे, आलटून पालटून, थोडे थोडे घ्या. माउंटसोबतच्या कागदावर मोजमाप दिलं असेल तर तेच पाळा. नसेल तर रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १.७ ते २ न्यूटन-मीटर पुरे होतं. जास्त आवळल्याने स्कोपची नळी दबते आणि आतला काटा अडकतो. रिंगांच्या दोन्ही बाजूंची फट सारखी दिसली पाहिजे.

स्कोप मागे-पुढे कुठे असावा, हे सर्वांत मोठ्या पॉवरवर, म्हणजे ९ वर ठेवून ठरवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल दस्त्यावर नेहमीसारखा टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर आली तर स्कोप योग्य जागी नाही. डोळा आणि भिंग यांत साधारण ८-९ सेंटीमीटर राहतात.

काटा सरळ आहे का, हे बघायला गवंड्याच्या ओळंब्याइतकं चांगलं साधन नाही. २५ मीटरवर ओळंबा टांगा, पाणसळीने रायफल समतल धरा आणि काट्याची उभी रेघ दोरीला जुळवा. ही रेघ तिरकी राहिली तर वर-खाली फिरवलेला प्रत्येक क्लिक (नॉबचा एक टप्पा) गोळीला थोडं बाजूलाही नेतो, आणि तुम्ही त्या बाजूच्या चुकीचं कारण वाऱ्यात शोधत बसता.

मग बोअर साइटिंग, म्हणजे गोळी न मारता नळीतून बघून स्कोप जुळवणं. बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की ठेवा आणि मागून नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट बघा. टार्गेट नळीच्या गोलात मधोमध आणा. आता रायफल जराही न हलवता स्कोपमधून बघा आणि नॉब फिरवून काटा त्याच टार्गेटवर आणा. इथे दिशेचा गोंधळ होतो. नॉबवरची ‘यू’ (अप, वर) आणि ‘आर’ (राइट, उजवीकडे) ही अक्षरं गोळी कुठे जाईल ते सांगतात, काटा कुठे जाईल ते नाही. काटा टार्गेटच्या वर दिसत असेल तर ‘यू’कडे फिरवा, उजवीकडे दिसत असेल तर ‘आर’कडे. उलट वाटतं, पण तसंच आहे. नळीत घालायचा लेझर वापरत असाल तर पहिली गोळी भरण्यापूर्वी तो नळीतून काढला आहे हे हाताने चाचपून बघा; नळीत काहीही अडकलेलं असताना गोळी सुटली तर नळी फुटते.

गोळीबार २५ मीटरपासून सुरू करा. मोठा कोरा कागद, मधोमध लहान काळं चिकटपत्र. पुढची पिशवी फोरएंडखाली, म्हणजे लाकडाखाली, नळीखाली नाही. नळी पिशवीवर टेकली की गोळीची जागा बदलते. मागची लहान पिशवी दस्त्याखाली, ती मुठीने दाबून उंची बारीक जुळवता येते. तीन गोळ्या, तिन्ही वेळा नेम एकाच ठिकाणी, मध्ये नॉबला हात नाही. तीन भोकांचा मध्य काढून तो नेमाच्या जवळपास आणा, एवढंच. बारीक काम ५० वर.

५० मीटरवर पाच गोळ्या मारा आणि पट्टी घेऊन टार्गेटजवळ जा (रेंज ऑफिसरने रेंज बंद केल्याचं सांगितल्यावरच). समजा, मध्यापासून उजवीकडे १२, १८, १५, ९ आणि १६ मिलिमीटर भरले. बेरीज ७०, सरासरी १४. खाली भरले २२, ३०, २५, २७, २१. बेरीज १२५, सरासरी २५. म्हणजे ग्रुपचा मध्य १४ मिलिमीटर उजवीकडे आणि २५ मिलिमीटर खाली आहे. तुमच्या स्कोपवर एक क्लिक पाव मिनिटाचा (हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग) असेल तर १०० मीटरवर तो ७.३ मिलिमीटर आणि ५० मीटरवर ३.६ मिलिमीटर सरकवतो. १४ भागिले ३.६, जवळपास ४ क्लिक डावीकडे. २५ भागिले ३.६, जवळपास ७ क्लिक वर. हे एकदाच फिरवा आणि पुन्हा पाच गोळ्या मारा. नॉबवर ०.१ मिल (कोनाचं दुसरं माप) लिहिलं असेल तर हिशोब आणखी सोपा: १०० मीटरवर १० मिलिमीटर, ५० वर ५.

स्वस्त स्कोपमध्ये कधी कधी क्लिकचा आवाज येतो पण आतला काटा जागचा हलत नाही, आणि पुढच्या गोळीच्या धक्क्याने सरकतो. म्हणून हव्या त्या क्लिकच्या दोन क्लिक पुढे जाऊन परत या. तरी शंका असेल तर चौकटीची चाचणी करा: नेम एकाच ठिकाणी ठेवून एक ग्रुप, मग २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे, प्रत्येक टप्प्यावर एकेक ग्रुप. पाचवा ग्रुप पहिल्यावर पडला आणि चौकटीच्या बाजू ५० मीटरवर सुमारे ७३ मिलिमीटर भरल्या, तर स्कोप निर्दोष आहे. चौकट वाकडी आली, तर मात्र तुमचा संशय खरा.

.२२ बाबत आणखी तीन गोष्टी. नळी साफ केल्यावर पहिल्या पाच-दहा गोळ्या भटकतात, कारण गोळीवरच्या मेणाचा थर नळीत पुन्हा बसावा लागतो. त्या ग्रुपमध्ये धरू नका. काडतुसं एकाच प्रकारची आणि एकाच लॉटची घ्या. स्टँडर्ड आणि हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) मिसळली तर ५० मीटरवर दोन वेगळे ग्रुप दिसतील. आणि वारा: आडव्या, ताशी ८ किलोमीटरच्या वाऱ्यानेही ५० मीटरवर गोळी सव्वा सेंटीमीटरच्या आसपास वाहते. ५० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची जाडी ८ मिलिमीटर असते, म्हणजे दीड रिंग गेली. झिरो सकाळी, झेंडे लोंबत असताना करा. दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या झळांमध्ये टार्गेट पाण्यात बुडाल्यासारखं हलतं, तेव्हा बारीक दुरुस्ती करूच नका.

मन लावून केलंत तर पहिल्या गोळीपासून शेवटच्यापर्यंत वीस-पंचवीस गोळ्यांत काम होतं. शेवटी नॉबवरचा बारीक स्क्रू ढिला करून क्लिक न होऊ देता आकड्यांची चकती शून्यावर आणा आणि स्क्रू आवळा.

प्रश्न : नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या .१७७ एअर रायफलवर स्कोप लावला आहे. रविवारी झिरो करतो, पुढच्या रविवारी नेम पुन्हा वर-खाली. एअर रायफलला धक्का तो किती! मग असं का?
(एक वाचक, नाशिक)

धक्का कमी आहे, पण दोन दिशांचा आहे, आणि तोच घातक. चाप ओढला की जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे सरकते. पिस्टन पुढे हवेच्या गादीवर आपटून थांबतो तेव्हा रायफल पुढे खेचली जाते. स्कोप जडत्वाने आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ताणला जातो. फायरआर्मसाठी (दारूच्या काडतुसांच्या बंदुकांसाठी) बनवलेले कित्येक स्कोप हा उलटा झटका सोसण्यासाठी बांधलेले नसतात. आतली भिंगं आणि काट्याची चौकट ढिली होते. स्कोपवर स्प्रिंग एअर रायफलसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा.

त्याआधी माउंट बघा. ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणारा माउंट हळूहळू मागे सरकतो. माउंटच्या मागच्या कडेला रेलवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. शंभर छर्ऱ्यांनंतर रेघ आणि माउंट यांत फट दिसली, की कारण सापडलं. उपाय म्हणजे स्टॉप पिन असलेला एकसंध माउंट. ती पिन रेलवरच्या भोकात उतरली पाहिजे. दस्त्याचे स्क्रूही बघा. स्प्रिंगच्या रायफलीत ते हमखास ढिले होतात आणि ग्रुप फाटतो, दोष मात्र स्कोपला लागतो. निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) एक थेंब पुरे.

तुमचा वरचा नॉब ‘यू’कडे जवळपास संपला आहे का? मोडणाऱ्या नळीच्या रायफलींत नळी बऱ्याचदा किंचित खाली झुकलेली असते, म्हणून छर्रे खाली जातात आणि नॉब टोकापर्यंत फिरवावा लागतो. टोकाला काट्यामागच्या स्प्रिंगमध्ये ताण उरत नाही, काटा प्रत्येक झटक्याला भटकतो. झुकाव भरून काढणारा, मागून उंच माउंट लावा आणि नॉब मधल्या भागात आणा.

शेवटचं कारण तुमचे हात. ही रायफल घट्ट आवळून धरली तर प्रत्येक वेळी पकड वेगळी होते आणि ती वेगळी उसळते. पुढचा हात उघडा ठेवा, रायफल तळव्यावर नुसती टेकू द्या, खांद्याला हलकी लावा आणि छर्रा सुटेपर्यंत तिला हवं तसं हलू द्या. तळवा दर वेळी त्याच जागी. पिशवीवर थेट ठेवूनही ती उसळते, म्हणून पिशवीवर हात आणि हातावर रायफल.

प्रश्न : माझी मुलगी १० मीटर एअर रायफल शिकते, पुढे ५० मीटर खेळायचं म्हणते. स्कोप लावून सराव करून घेतला तर नेम लवकर बसेल का?
(एक पालक, कोल्हापूर)

नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवलं, ते पीप साइटवर, म्हणजे मागे बारीक छिद्र आणि पुढे रिंग. मोठं करून दाखवणारं भिंग त्यात नसतं. मुलीने डोळ्याला सवय लावायची ती एकाच चित्राची: मागच्या छिद्राचा गोल, पुढच्या साइटच्या नळीचा गोल, रिंग आणि टार्गेटचा काळा गोल, चारही एकात एक. १० मीटरच्या टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा आणि दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो; ठिपका दिसणार नाही, दिसायची गरजही नाही. काळ्याभोवती पांढरी कड सगळीकडून सारखी असली की झालं. म्हणून रिंग फार घट्ट घेऊ नका. कड बारीक झाली की डोळा तिच्यामागे लागतो, चाप ओढायला उशीर होतो आणि हात थकतो.

झिरोची पद्धत मात्र तीच: पाच छर्रे, मध्य, मग क्लिक. एक फरक नीट लक्षात ठेवा. जर्मन बनावटीच्या पीप साइटवर ‘एच’ (वर), ‘टी’ (खाली), ‘आर’ (उजवीकडे), ‘एल’ (डावीकडे) ही अक्षरं बहुधा गोळी कुठे लागली ते धरून लिहिलेली असतात. छर्रा उजवीकडे लागला तर ‘आर’कडे फिरवायचं, वर लागला तर ‘एच’कडे. स्कोपच्या अगदी उलट. क्लबमधल्या रायफलीवर पहिल्यांदा हात ठेवताना पाच क्लिक फिरवून कागदावर दिशा बघून घ्यावी. क्लिकचं मापही तसंच काढता येतं: पाच छर्रे, मग एकाच बाजूला २० क्लिक, पुन्हा पाच छर्रे; दोन मध्यांतलं अंतर भागिले २०.

प्रश्न : एअर रायफलचा स्कोप १० मीटरवर झिरो केला, २५ मीटरवर छर्रे वर जातात. छर्रा दूर गेला की खाली यायला हवा ना?
(एक वाचक, पुणे)

स्कोप नळीच्या वर चार-साडेचार सेंटीमीटर बसलेला असतो. छर्रा त्या खालच्या जागेतून निघतो आणि नजरेच्या रेषेला गाठायला वर चढत असतो. १० मीटरवर गाठायची म्हणजे चढ तीव्र, म्हणून तो रेषा ओलांडून पुढे वर जातो. सेकंदाला २३० मीटरच्या आसपास वेग असेल तर १० वर झिरो केलेली रायफल २५ वर दोन-अडीच सेंटीमीटर वर मारते. तीच २५ वर झिरो केली तर १० वर साधारण एक सेंटीमीटर खाली लागते. दोन्ही अंतरांवर मारत असाल तर २५ चा झिरो ठेवा आणि १० ला तेवढा नेम वर घ्या.

याच कारणाने .२२ रायफल ५० मीटरवर झिरो असेल तर २५ वर सेंटीमीटरभर वर आणि १०० वर सुमारे २० सेंटीमीटर खाली लागते.

१० मीटरवर पॅरॅलॅक्सही (डोळा हलला की काटा सरकल्यासारखा दिसणं) तपासा. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवून हात न लावता डोकं किंचित वर-खाली करा. काटा टार्गेटवर फिरताना दिसला तर पुढच्या भिंगाजवळची किंवा बाजूची कडी १० वर आणा. कडी नसलेले स्कोप बहुधा १०० यार्डांसाठी बांधलेले असतात. १० मीटरवर त्यांच्याकडून बारीक ग्रुपची अपेक्षा करू नये.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये .३०८ रायफल घेतली. इथल्या रेंजवर सगळे १०० यार्डांवर झिरो करतात. थेट तिथेच सुरू करू का? यार्ड-इंचांचा हिशोबही सांगा.
(एक वाचक, टेक्सास)

थेट १०० वर गेलात तर पहिल्या चार गोळ्या कागदाबाहेर जातील आणि कुठे गेल्या ते कळणार नाही. २५ यार्डांपासून सुरू करा. पाव मिनिटाचा क्लिक १०० यार्डांवर पाव इंच सरकवतो, म्हणजे इंचाला ४ क्लिक. २५ यार्डांवर इंचाला १६. इथेच लोक फसतात, २५ वर ४ क्लिक फिरवतात आणि काही बदललं नाही म्हणून वैतागतात. २५ वर गोळी काट्याच्या पाऊण इंच खाली आणून ठेवा, १०० वर ती मध्याजवळ येईल.

१०० वर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारा, मध्ये पाच-दहा मिनिटं बोल्ट उघडा ठेवून नळी गार होऊ द्या. बारीक नळी तापली की ग्रुप एका बाजूला चालत जातो. दोन ग्रुपचा मिळून मध्य काढा, मग फिरवा. काट्यावरच्या खुणा मिलमध्ये आणि नॉब मिनिटात असा स्कोप असेल तर काट्यावर मोजलेल्या प्रत्येक मिलला जवळपास १४ क्लिक. आणि डोळा भिंगापासून दूर ठेवा. .३०८ च्या धक्क्याने स्कोपची कड भुवई फोडते. कानांना प्लगवर मफ, दोन्ही.

प्रश्न : पावसाळ्यानंतर स्कोपमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतंय. पुसून जात नाही.
(एक वाचक, रत्नागिरी)

ती भिंगावरची बुरशी आहे, आणि ती आतल्या बाजूला आहे. घरी उघडू नका. आतला कोरडा नायट्रोजन निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात आत धुकं धरतं. कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे द्या. पुढच्या वेळी जूनपासून स्कोप रायफलीच्या फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम दमट राहतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या महिन्याने बदला. स्कोप काढताना रेलवर माउंटची जागा खुणेने टिपून ठेवलीत तरी परत बसवल्यावर पाच गोळ्यांचा ग्रुप मारून झिरो तपासायलाच हवा.